'ब्रॅट फॅरर': हरवलेला मुलगा परत येतो... पण आत्याला नक्की कधी कळलं? (रहस्यभेद आहे)

रानजाई

जोसेफिन टे यांची 'ब्रॅट फॅरर' (१९४९) पुन्हा वाचून संपवली आणि एक प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. पुढे सगळं फोडलेलं आहे. ज्यांना पुस्तक कोरं वाचायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा.

कथानक थोडक्यात. दक्षिण इंग्लंडमध्ये लॅचेट्स नावाची वाडी, घोड्यांची पागा, अ‍ॅशबी घराणं. आईवडील विमान अपघातात गेलेले, पोरांना 'बी' नावाच्या आत्यानं वाढवलंय. जुळ्यांपैकी थोरला पॅट्रिक तेराव्या वर्षी नाहीसा झाला. समुद्राकाठच्या कड्यावर त्याचा कोट आणि चिठ्ठी मिळाली. गावानं आत्महत्या धरली आणि विषय मिटला. आठ वर्षांनी धाकटा सायमन एकवीस पूर्ण करून मालक होणार, तोच 'पॅट्रिक' दारात उभा.

तो पॅट्रिक नाही हे लेखिका आपल्याला फार वाट बघायला न लावता सांगून टाकते. तो ब्रॅट फॅरर, अनाथाश्रमात वाढलेला, अमेरिकेत घोड्यांवर काम करून आलेला, एका पायानं किंचित लंगडणारा. त्या कुटुंबाच्या शेजारात वाढलेला एक फुकट गेलेला नट त्याला लंडनच्या रस्त्यावर पाहतो, सायमनच समजतो, आणि मग क्यू गार्डन्समध्ये बसवून त्याच्याकडून सगळ्या घराण्याची घोकंपट्टी करून घेतो.

माझे प्रश्न दोन. तोतया आहे हे आधीच सांगून टाकल्यावर ही रहस्यकथा राहते का? आणि खरा प्रश्न: बी आत्याला कधी कळलं असावं? मला वाटतं तिला फार लवकर कळलं होतं.

बोरूबहाद्दर

वाचनखूण साठवली. पुस्तक वाचून येतो, तोवर खुनी कोण ते कुणी लिहू नका.

बोरूबहाद्दर

अरे, वरच लिहिलंय की सगळं फोडलेलं आहे. गेलो गेलो.

दांडपट्टा

माझं मत पहिल्या प्रश्नावर: नाही राहत. रहस्यकथेत लेखकानं वाचकाशी झुंजायचं असतं. इथे बाईंनी पहिल्या डावातच पत्ते उघडे टाकले. उरलं काय, तर सुंदर हिरवळ, चहा, घोडे आणि 'पकडला जाईल का' ही धाकधूक. धाकधूक छान आहे, वाद नाही. पण ते रहस्य नव्हे. आणि घोड्यांची प्रकरणं मी सरळ उलटली.

कासवगती

दांडपट्टा, घोड्यांची प्रकरणं उलटलीत म्हणजे अर्धं रहस्य उलटलंत. सांगतो.

बाईंनी एक पत्ता उघडा टाकलाय तो दुसरा झाकायला. आपण सगळा वेळ 'ब्रॅट पकडला जाईल का' हेच बघत बसतो. त्या नादात एक साधा प्रश्न आपल्याला पडतच नाही, की सायमन त्याला पकडून का देत नाही? इस्टेट जाणार कुणाची? सायमनची. सर्वात जास्त आरडाओरडा कुणी करायला हवा? सायमननं. आत्या, बहीण, वकील, सगळे हळूहळू पटवून घेतात, सायमन मात्र भेटायलाच येत नाही. आणि येतो तेव्हा काय होतं तो प्रसंग पुन्हा काढून वाचा. तो ब्रॅटकडे रोखून बघतो, चेहरा ताणलेला, आणि बघता बघता तो ताण उतरतो. चक्क सुटका झाल्यासारखा. ब्रॅटला हे दिसतं आणि कळत नाही. आपल्यालाही दिसतं, आणि आपण 'भाऊ नाही हे ओळखलं, आता भांडेल' असं समजून पुढे जातो. पण तो भांडत नाही. हा पॅट्रिकच, असं मान्य करतो!

का? कारण जगात तो एकटाच आहे ज्याला पॅट्रिक परत येऊच शकत नाही हे पक्कं माहीत आहे. आणि कसं माहीत, हे तो कुणाला सांगू शकत नाही. कोट त्यानं ठेवला, चिठ्ठी त्याची, आणि प्रेत समुद्रात नाही, जुन्या खाणीत. भामट्याला उघडं पाडायची ताकद असलेला एकमेव माणूस तोंड उघडू शकत नाही. या एका गाठीवर अख्खी कादंबरी उभी आहे. मी बऱ्याच रहस्यकथा वाचल्यात, यापेक्षा घट्ट गाठ मला पटकन आठवत नाही.

आता घोडे. सायमन ब्रॅटला टिंबर नावाचा घोडा देतो. देखणा, शहाणा वाटणारा. त्याची खोड अशी की तो स्वाराला झाडाच्या आडव्या फांदीखाली नेतो. आधीचा एक जण असाच गेलाय. सायमनला हे माहीत आहे आणि तो सांगत नाही. पोलीस नाहीत, पिस्तूल नाही, नाश्त्यानंतर 'आज टिंबरला फिरवून आण' एवढंच. आणि तुम्ही ते उलटलंत!

दांडपट्टा

बरं बाबा, ते प्रकरण परत वाचतो. पण 'तोतयावर प्रेम करा' हे मला जमणार नाही. आठ वर्षं पोरासाठी झुरलेल्या बाईच्या घरात खोटं नाव सांगून जेवायला बसणं ही फसवणूक. घोडे आवडतात म्हणून केली, हे कारण तर आणखी वाईट.

टिंब

घोडे आवडतात म्हणून लोक महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जाऊन घर गहाण टाकतात. हा निदान पागेत राबतो तरी. (हलके घ्या.)

अर्जदार

कायद्याच्या अंगानं थोडं. कुणाला पडलं असेल की प्रेत नसताना पॅट्रिकला मेला कसं धरलं. आपल्याकडे सात वर्षं माणसाबद्दल त्याच्या जवळच्यांना काहीच कळलं नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. जुन्या पुरावा कायद्यातलं कलम १०८, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात १११. लक्षात घ्या, हे फक्त गृहीतक आहे. माणूस दारात येऊन उभा राहिला की ते गळून पडतं. मग भांडण एवढंच उरतं की आलेला तोच आहे का.

आणि तिथे टे बाईंनी वाटा फार शिताफीनं बंद केल्यात. दात तपासावेत तर घरच्या दंतवैद्याचे कागद बॉम्बहल्ल्यात गेलेले. चेहरा तेराचा आणि एकवीसचा, कोण काय सांगणार. उरतात आठवणी, आणि त्या नटानं पाठ करून दिलेल्या. त्यातही शहाणपण बघा: पाठांतर फक्त पहिल्या तेरा वर्षांचं. पळून गेल्यानंतरची सगळी हकिगत ब्रॅट स्वतःचीच सांगतो, जहाज, अमेरिका, पाय मोडला ती घटना. म्हणजे उलटतपासणीत तो बहुतेक वेळ खरंच बोलत असतो. खोटा साक्षीदार तयार करायचा तर असा करावा. (करू नये. सनद जाईल.)

शनिवारवाला

धागा छान रंगलाय. हे सगळं वाचताना पुण्याच्या माणसाला भाऊसाहेबांचा तोतया आठवल्याशिवाय राहणार नाही.

पानिपत १४ जानेवारी १७६१. सदाशिवरावभाऊ पडले, पण ते गेले यावर सगळ्यांचा विश्वास बसला नाही. पार्वतीबाईंचा तर नाहीच, त्या १७८३ मध्ये वारल्या तोवर सवाष्णीसारख्या राहिल्या. अशा वातावरणात उत्तरेकडून एक कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उगवला. थोरल्या माधवरावांच्या काळात तो कैदेत पडला, पुढे रत्नागिरीच्या किल्ल्यावर होता. माधवराव गेले, नारायणरावांचा खून झाला, पुण्यात बारभाईंची ओढाताण. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या ज्या सुभेदारानं त्याला कैदेत ठेवायचं, त्यानंच त्याला भाऊ म्हणून बाहेर काढलं! कोकणातले किल्ले धडाधड त्याला मिळाले, फौज जमली, घाटापर्यंत आला. महादजी शिंदे वगैरे चालून गेले तेव्हा पळाला, आंग्र्यांनी पकडला, आणि त्याच वर्षी पुण्यात देहान्त झाला. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' नाटक लिहिलं ते अनेकांना माहीत असेल.

माझा मुद्दा असा. एवढे लोक त्याला जाऊन मिळाले ते सगळे भोळे होते का? नव्हते. कुणाला बारभाईंवर राग होता, कुणाला लुटीची आशा. आलेला भाऊच आहे असं मानणं त्यांच्या सोयीचं होतं. टेच्या कादंबरीतही ओळख पटवणारा प्रत्येक जण आपापली गरज घेऊन बसलाय. वकिलाला भानगड नको, बहिणीला भाऊ हवा, आणि सायमनला तर गप्प राहण्यावाचून इलाज नाही.

कलकत्तावासी

शनिवारवाले, मस्त. आमच्या इकडचं भोवाल प्रकरण राहिलंच. ढाक्याजवळच्या भोवाल जमीनदारीचे मधले कुमार १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारले, दहनही झालं म्हणतात. बारा वर्षांनी ढाक्यात नदीकाठी राख फासलेला एक संन्यासी बसलेला. बहिणीनं ओळखलं, रयतेनं ओळखलं, बायकोनं शेवटपर्यंत ओळख नाकारली. दावा १९३० चा, १९३६ ला ढाक्याच्या न्यायाधीशांनी संन्याशाच्या बाजूनं निकाल दिला, १९४० ला कलकत्ता हायकोर्टानं तोच ठेवला, आणि १९४६ ला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनंही. निकाल लागला आणि काही दिवसांत माणूस गेला.

यात मजा म्हणजे बंगाली राजपुत्र हिंदी वळणाचं बंगाली बोलत होता. त्याच्या वकिलांनी म्हटलं, इतकी वर्षं साधूंबरोबर होता, जीभ वळली. कोर्टाला पटलं.

दांडपट्टा

जीभ वळते होय! मग इंग्लंडातल्या टिचबोर्नच्या वेळी का नाही वळली? खरा रॉजर टिचबोर्न फ्रान्समध्ये वाढलेला, फ्रेंच त्याची पहिली भाषा. १८५४ ला जहाजाबरोबर बुडाला. आईनं जाहिराती दिल्या, आणि ऑस्ट्रेलियातल्या वॅगा वॅगा गावचा एक अगडबंब खाटीक 'मीच तो' म्हणत आला. फ्रेंचचा शब्द येईना. तरी आईनं ओळखला! आई वारली तेव्हा कुठे बाकीच्यांना त्याच्याविरुद्ध मोकळेपणानं लढता आलं. नुसता फौजदारी खटला १८८ दिवस चालला, चौदा वर्षांची शिक्षा झाली. टे बाईंनी हे प्रकरण नजरेसमोर ठेवलं असणार, कुठल्याही इंग्रज वाचकाला ते आठवणारच.

आता माझा मुद्दा पुरा करतो. टिचबोर्नची आई असो, पार्वतीबाई असोत, सगळीकडे फसवला जातो तो सर्वात जास्त माया असलेला माणूस. म्हणून मला ब्रॅट गोड वाटत नाही.

माणदेशी

दांडपट्टा, यावर एक घरचं सांगतो, मग ठरवा.

माझ्या आजोळी, खटाव तालुक्यात, आजीच्या थोरल्या जावेचा मुलगा बाळू दुष्काळात मुंबईला म्हणून गेला तो गेलाच. गिरण्यांत शोधून झालं, कुठे पत्ता नाही. वीसेक वर्षांनी भगव्या कपड्यातला एक जण दारात आला, 'आई, भिक्षा घाल' म्हणाला. त्याला सगळं माहीत. विहिरीवरचं चिंचेचं झाड, मेलेल्या बैलाचं नाव, आत्याच्या नवऱ्याचं टोपणनाव. (हे लोक आधी गावात न्हाव्याकडे, पारावर बसून माहिती काढतात हे पुढे कळलं.) गाव लोटलं. थोरल्या काकीनं त्याला आत घेतलं, पाणी तापवून आंघोळ घातली, बाजरीची भाकरी आणि दूध पुढे ठेवलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडून दुधात बुडवून खाल्ला. बाळू भाकरी पूर्ण कुस्करून, बोटांनी काला करून, वर गुळाचा खडा ठेवून खायचा, आणि गूळ शेवटच्या घासाला. काकीनं बघितलं, काही बोलली नाही. चार दिवस तो राहिला. मग 'गुरूकडून सुटून यायला भंडारा घालावा लागेल' म्हणून पैशाचं काढलं, तसं काकीनं त्याला नवं धोतर आणि वाटखर्च देऊन रीतसर वाटेला लावलं. मोठी रक्कम नाही दिली.

घरातले पुरुष चिडले, आधी का नाही बोललीस म्हणून. ती म्हणाली, "माझा न्हवं ते पयल्या घासाला कळलं. पर चार दिस घरात बाळूचं नाव निघालं की. तुमी तर त्येचं नाव घेयाचंच सोडलं व्हतं."

तेव्हा रानजाई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: बी आत्याला पहिल्या जेवणालाच कळलं असणार.

रानजाई

माणदेशी, काय लिहिलंत. काकीला नमस्कार.

टिंब

+१. आता यावर विनोद सुचत नाही, म्हणून फक्त हजेरी.

गोदाकाठ

अवांतर: आम्ही नाशिककर, त्यामुळे हरवणं-सापडणं हा आमचा कुळधर्म. सिनेमानं सगळ्यांच्या डोक्यात कुंभात हरवलेले दोन भाऊ बसवलेत, एक इन्स्पेक्टर, एक स्मगलर, दंडावर अर्धं अर्धं गोंदण. २०१५ च्या सिंहस्थात मी स्वयंसेवक म्हणून हरवले-सापडलेच्या मांडवात बसत होतो. मुलं हरवतात, पण फार वेळ नाही, रडणारं मूल कुणीतरी उचलून आणून देतंच. खरी गर्दी म्हाताऱ्या बायकांची. गावाचं नाव सांगतात, तालुका सांगता येत नाही. नवऱ्याचं नाव विचारलं की लाजतात, घेत नाहीत! शेवटी उखाणा घ्यायला लावला एका आजींना. लाउडस्पीकरवरून उखाणा गेला आणि आजोबा पळत आले.

बोरूबहाद्दर

पुस्तक अर्धं झालंय, डोळे मिटून इथे येऊन गेलो, उखाणा तेवढा वाचला. हसून हसून पुरेवाट.

आशादीप

मी नागपूरला मुलांच्या संस्थांबरोबर काम करते, म्हणून थोडं वेगळं लिहिते. आज ब्रॅटचं नाटक चालणार नाही असं सगळे म्हणतील, डीएनए आहे, आधार आहे. खरंय. आमच्याच शहरात २०२१ मध्ये एका संस्थेत वाढलेल्या बोलता न येणाऱ्या मुलाचं दहावीसाठी आधार काढायला गेले, तर मशीन नोंदणी घेईना. बोटांचे ठसे आधीच कुठेतरी होते. शोधलं तर मध्य प्रदेशातलं घर सापडलं, दहा वर्षांपूर्वी हरवलेला मुलगा. वर्तमानपत्रांत आलं होतं.

पण मला यातलं पुढचं सांगायचंय, जे बातमीत येत नाही. असं मूल घरी जातं तेव्हा ते 'परत' जात नाही. सहाव्या वर्षी हरवलेलं चौदाव्या वर्षी मिळतं, घरच्यांच्या डोक्यात सहा वर्षांचं. आई त्याला लहानपणीचा पदार्थ करून घालते, त्याला तो आवडत नाही. त्याला संस्थेतली वेळेवर वाजणारी घंटा आठवत राहते. मधली भावंडं बिचकतात, कारण घरातला 'लाडका' ते नसून हरवलेला होता हे त्यांना लहानपणापासून माहीत असतं. सायमनची चीड मला म्हणूनच फार ओळखीची वाटली. (खून सोडून, अर्थातच.) घरी परतणं हा एक दिवसाचा कार्यक्रम नसतो, वर्ष-दोन वर्षं आम्हाला जा-ये ठेवावी लागते.

ब्रॅट तोतया असून हे सगळं नीट सांभाळतो, कारण तो कुठलाच हक्क गाजवत नाही, नुसता बघतो आणि ऐकतो. गंमत म्हणजे खरा पॅट्रिक आला असता तर इतका समजूतदार वागला असता याची खात्री नाही. आपल्या आसपास एकटं, भांबावलेलं मूल दिसलं तर १०९८ लावा, एवढी जाहिरात करून घेते.

सौ_मिनी

आशादीप यांचा प्रतिसाद फार आवडला. सगळ्यांनी पहिलं पान विसरलेलं दिसतंय, म्हणून आठवण करून देते. कादंबरीची सुरुवात जेवणाच्या टेबलावर होते. नऊ-दहा वर्षांची जेन सूप पिताना आत्याला विचारते, नोहा जास्त हुशार की युलिसीस? वाचताना हसू येतं, लहान मुलीचा आचरट प्रश्न म्हणून आपण पुढे जातो. पण युलिसीस कोण? वीस वर्षांनी घरी परतलेला, सोंग घेऊन आलेला, ज्याला म्हाताऱ्या दाईनं पाय धुताना मांडीवरच्या वणावरून ओळखलं. म्हणजे बाईंनी पहिल्याच वाक्यात हरवून परत येण्याची सर्वात जुनी गोष्ट सुपाच्या वाडग्यात टाकून ठेवलीय. आणि प्रश्न विचारला गेलाय आत्याला.

कासवगती

सौ_मिनी, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. खरंच झकास.

दांडपट्टा

टिंबरचं प्रकरण वाचलं. ठीक, ते छान आहे, मान्य. आता शेवटाबद्दल बोलू, कारण त्यावर कुणी बोलतच नाहीये.

शेवटी कळतं काय, तर ब्रॅट हा अ‍ॅशबींच्याच एका वाया गेलेल्या चुलत्याचा मुलगा. म्हणून सायमनसारखा दिसतो. म्हणजे अनाथ, परका, रस्त्यावरचा पोरगा त्या घरात शोभला तो त्याच्या गुणांमुळे नव्हे, रक्त त्याच घराण्याचं निघालं म्हणून! शिवाय बहीण मानलेली एलिनॉर आता बहीण राहत नाही, तीही सोय झाली. सायमन खाणीच्या कड्यावरच्या झटापटीत मरतो, म्हणजे खटला नको, फाशी नको, घराण्याची अब्रू शाबूत. बाईंनी सगळ्यांना एका दमात मोकळं केलं.

आशादीप

दांडपट्टा, शंभर टक्के सहमत. अनाथ मुलांबरोबर काम करणारीला तो शेवट टोचतो.

कलकत्तावासी

यावरून टेचीच आदल्या वर्षीची कादंबरी बाजूला ठेवून बघा. 'द फ्रँचाइज अफेअर', १९४८. तिथेही हरवलेलं मूल घरी येतं. पंधरा वर्षांची बेटी केन काही आठवडे गायब, मग अंगावर वळ घेऊन परत, आणि सांगते की एका जुन्या बंगल्यातल्या मायलेकींनी मला कोंडून मोलकरणीचं काम करायला लावलं. टेनं हे १७५३ च्या लंडनमधल्या एलिझाबेथ कॅनिंग प्रकरणावरून उचललंय. ती मोलकरीण जानेवारीभर बेपत्ता होती, परत आल्यावर मला कोंडून ठेवलं होतं म्हणाली. आधी सगळं शहर तिच्या बाजूनं, पुढच्या वर्षी खोट्या साक्षीबद्दल तिलाच अमेरिकेला धाडलं.

म्हणजे लागोपाठच्या दोन वर्षांत दोन मुलं घरी परतली, दोघंही खोटं बोलतात. बेटीचा लेखिकेला मनापासून तिटकारा, ब्रॅटवर जीव. बेटी दत्तक गेलेली, आणि ती खोटी निघाली की जन्मदात्या आईच्या वळणावर गेली असं पुस्तक सुचवत राहतं. ब्रॅट अनाथ, आणि चांगला निघाला की अ‍ॅशबींचं रक्त. दोन्हीकडे हिशेब रक्ताच्याच खात्यावर. दांडपट्टा यांना जे खटकतंय ते या दोन्ही पुस्तकांच्या मुळात आहे.

दांडपट्टा

वा! हे माझ्या बाजूनं इतकं चांगलं कुणी मांडेल असं वाटलं नव्हतं.

कासवगती

कलकत्तावासी, मुद्दा बिनतोड. तरी एक भर. ब्रॅटला स्वतःला आपल्या जन्माबद्दल काहीच माहीत नसताना तो खाणीत उतरतो. रात्री, दोर बांधून, खऱ्या पॅट्रिकची हाडं शोधायला. त्यात त्याचा फायदा शून्य. पॅट्रिक मेला हे सिद्ध झालं की इस्टेट गेली, तुरुंग नक्की. ज्याच्या नावावर तो जेवला त्या तेरा वर्षांच्या पोराचं ऋण त्याला वाटतं. रक्ताचा खुलासा त्यानंतर येतो. लेखिकेनं शेवटी घराण्याचा शिक्का मारला खरा, पण शिक्का मारायच्या आधीच माणूस सिद्ध झालेला होता. म्हणून मी शेवटचं प्रकरण माफ करतो.

अर्जदार

'ज्याच्या नावावर जेवला' हे आवडलं. भारतीय न्याय संहितेत याला तोतयेगिरी करून फसवणूकच म्हणतील, पण आवडलं.

सौ_मिनी

आता आत्याकडे या हो कुणीतरी. माझं मत रानजाई आणि माणदेशी यांच्यापेक्षा निराळं आहे. बी आत्याला कळलं नव्हतं. माणदेशींच्या काकी आई होत्या, घास बघत होत्या. बी आत्यानं मुलांना एकदम अंगावर पडलेली जबाबदारी म्हणून वाढवलं, पागा चालवली, कर्ज फेडलं. तिच्या मनात पॅट्रिकबद्दल माया आहे, पण त्याहून जास्त अपराधीपण आहे: माझ्या देखरेखीखाली पोरानं जीव दिला आणि मला कळलंही नाही. तो परत आला म्हणजे त्यानं जीव दिलाच नव्हता. एवढी सुटका समोर आल्यावर कोण कशाला निरखून बघेल? ती शहाणी आहे, वकिलाकडून चौकशी करून घेते, आणि चौकशीतून हवं तेच उत्तर निघालं की ताबडतोब विश्वास ठेवते.

माणदेशी

सौ_मिनी, पटलं नाही, पण तोडता येत नाही.

रानजाई

सौ_मिनी, अपराधीपणाचा मुद्दा मी धरलाच नव्हता. तरी मी माझ्या बाजूला आहे, आणि कारण हे. सगळं उघड झाल्यावर आत्या ब्रॅटवर भडकत नाही. उलट तो दवाखान्यात पडलेला असताना त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार करायला लागते. ज्या बाईचं मूल दुसऱ्यांदा मेलंय आणि दुसरं खुनी निघालंय, तिला या तोतयाची चीड यायला हवी होती. आली नाही, कारण तिचं त्याच्याशी जे काही जमलं ते पॅट्रिक म्हणून नव्हतंच. तिनं त्या लंगड्या, कमी बोलणाऱ्या, घोड्यांच्या पायांवरून हात फिरवत उभ्या राहणाऱ्या पोराला त्याच्याच हिशेबात घरात घेतलं होतं. कळलं होतं असं म्हणणं जास्त होईल कदाचित, पण विचारायचं तिनं टाळलं, एवढं मी म्हणेन.

सौ_मिनी

'टाळलं' असेल तर माझीही हरकत नाही. पण मग ती काकींच्या जवळ जाते आणि माझ्यापासून लांब.

टिंब

दोघी मिळून आत्याला समन्स काढा. अर्जदार आहेतच.

गोदाकाठ

पुस्तक कुठे मिळेल? दुकानात नाही.

कासवगती

टे १९५२ ला वारल्या, आपल्याकडे मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क सुटतात, म्हणजे २०१३ पासून मोकळं आहे. गुटेनबर्ग ऑस्ट्रेलियावर फुकट आहे. 'फ्रँचाइज अफेअर'ही तिथेच.

बोरूबहाद्दर

संपलं! आता वरचं सगळं वाचतो. आधी एकच: सायमन पार्टीनंतर दारूच्या नशेत ब्रॅटला स्वतःच सांगून टाकतो की तू पॅट्रिक नाहीस, मीच मारलंय त्याला, आणि ब्रॅटला ते कुणालाच सांगता येत नाही, कारण सांगायचं तर आधी 'मी तोतया' म्हणावं लागेल. हा प्रसंग तुम्हा लोकांपैकी एकानंही लिहिला नाही? इतके दिवस काय उखाणे घेत होतात काय?

दांडपट्टा

लिहिला नाही खरा. म्हणजे दोघांच्या तोंडाला एकमेकांचं कुलूप. कासवगती, तुमची गाठ दुहेरी निघाली. टिंबरनंतर तेही प्रकरण परत वाचतो, आणि हो, या खेपेला घोड्यांसकट.